आईच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काय भरायचं

आईने एक डबी मागितली होती. रॉयस अकरा घेऊन आला.

चर्च आटोपून स्टेगॉल मंडळी ओलेटाकडे जेवायला जमली, तेव्हा टेबलावर भांडी मांडायला जागाच नव्हती. मधोमध काडतुसांच्या डब्या एकावर एक रचलेल्या. रॉयस त्यांच्याकडे जरा मागे सरून, मान तिरकी करून बघत होता. त्याचा बाप हर्शेल नव्या ट्रॅक्टरकडे असाच बघायचा.

"रॉयस, हे दुकान उचल," हातात मांसाचं गरम भांडं धरून ओलेटा म्हणाली. "माझे हात भाजतायत."

"आई, आधी हे ठरवू या. जेवण काय, होईलच."

"जेवण होईलच असं म्हणणारा माणूस कधी स्वयंपाक करत नाही. उचल."

रॉयसने डब्या उचलून खिडकीत नेल्या आणि तिथे पुन्हा त्याच क्रमाने रचल्या. तो बावन्न वर्षांचा होता, गावात त्याचं टायरांचं दुकान होतं. गेली वीस वर्षं तो चोराची वाट बघत होता. त्याच्या उशाशी एक पिस्तूल, ट्रकमध्ये एक, आणि दुकानात गल्ल्याखाली एक. पण त्याच्या घरी आजवर एकही चोर शिरला नव्हता, आणि हे त्याचं फार मोठं दुःख होतं. आता शिरला तोही आईच्या घरात. लग्नाची पत्रिका चुकून शेजाऱ्याकडे जावी, तसं त्याला झालं होतं.

त्याचं असं झालं. तीन आठवड्यांपूर्वी, बुधवारी, ओलेटा नेहमीप्रमाणे चर्चच्या संध्याकाळच्या बैठकीला गेली. पाद्रीबुवांचा घसा बसला होता, म्हणून अर्ध्या तासात सगळ्यांना घरी सोडलं. ती परत आली तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. आत पावलं वाजली, मागचं दार आपटलं, आणि बाहेर कोणीतरी शेताच्या दिशेने पळालं. घरातला चमचासुद्धा हलला नव्हता. शेरिफचा माणूस आला, दोन कप कॉफी प्यायला, वहीत 'अज्ञात इसम' असं लिहून गेला. दुसऱ्या दिवशी ओलेटाने कपाटातून हर्शेलचं रिव्हॉल्व्हर काढलं. आतली काडतुसं गंजून हिरवी पडली होती. तिने ती काढून टाकली आणि रॉयसला फोन केला: एक डबी नवी आण.

"तर प्रश्न साधा आहे," घास तोंडात असतानाच रॉयस म्हणाला. "तो माणूस आत आला. सहा फूट चार इंच. वजन अडीचशे पौंड."

"तुला कोणी सांगितलं सहा फूट चार इंच?" ओलेटाने विचारलं.

"धरून चालायचं असतं."

"आणि नशेत," शेरिल म्हणाली. ही रॉयसची बायको; सासूला ती गावच्या रिवाजाने 'मिस ओलेटा' म्हणायची. तिने गेल्या वर्षी खास बायकांसाठीचा नेमबाजीचा वर्ग केला होता, आणि तेव्हापासून घरात दोन तज्ज्ञ झाले होते. "नशेतल्या माणसाला दुखत नाही, मिस ओलेटा. आमच्या सरांनी सांगितलं होतं."

"अंगात जाड जॅकेट," रॉयस पुढे गेला. "आत स्वेटशर्ट. त्याच्या आत फ्लॅनेलचा शर्ट."

"बिचाऱ्याला घाम फुटला असेल. मी घरात हीटर लावलेला असतो."

"आई, थट्टा करू नकोस. आणि तो एकटा नसेल."

"दोन?" शेरिलने विचारलं.

"दोन धरून चाल."

"मग त्या रिव्हॉल्व्हरच्या सहा गोळ्या पुरणार नाहीत, रॉयस. मी म्हणत होते ना, त्यांना माझ्यासारखं पिस्तूल घेऊन द्यावं."

"माझ्यासारखं म्हणजे गुलाबी?"

"रंगाचा काय संबंध!"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॉनी मक्याच्या पावाचा चौथा तुकडा खात होता. तो धाकटा, त्रेचाळीस वर्षांचा. लोकांच्या घरांची छपरं शाकारायची कामं करायचा, आणि तीन लग्नं मोडून वांडा नावाच्या चौथ्या बाईकडे राहायला गेला होता. "सगळ्यात मोठी घाल, आई," ताटातून मान न उचलता तो म्हणाला. "जी सगळ्यात मोठी असेल ती."

"मी सांगू?" डार्ला म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. डार्ला मधली. ती लिटल रॉक शहरातल्या इस्पितळात अपघात विभागात परिचारिका होती. सात महिन्यांपूर्वी हर्शेलच्या दफनाच्या दिवशी पेटी कोणती घ्यायची यावरून तिचं आणि रॉयसचं जे वाजलं, त्यानंतर ती आज पहिल्यांदाच या टेबलाशी बसली होती.

"गोळी लागलेली माणसं मी रोज बघते. सहा फूट चार इंचांचा अजून एकही आला नाही. गेल्या महिन्यात एक मेहुणा आला. एक शेजारी आला, तो उसनी शिडी परत द्यायला गेला होता. आणि एकाने स्वतःच्याच पायात मारून घेतली."

"ते चुकीची गोळी वापरतात म्हणून," रॉयस म्हणाला.

डार्लाने काटा ताटात ठेवला आणि पाणी प्यायला लागली. ती भांडायला आली नव्हती. ती आईला न्यायला आली होती.

तिने जेवणाआधीच अंगणात रॉयसला गाठलं होतं. हे तिला सोपं गेलं नाही. पण आई चौऱ्याहत्तर वर्षांची, परवाच्या हिवाळ्यात मनगट मोडलेलं, सगळ्यात जवळचं घर अर्ध्या मैलावर, आणि आता हे. "तिला लिटल रॉकला नेते," डार्ला म्हणाली होती. "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. पण मी सांगून ती ऐकणार नाही. तू सांगून तर नाहीच नाही."

"मग?"

"तिला स्वतःच कळू दे. जेवणानंतर तिला गोळ्या झाडायला लाव. त्या मनगटाने तिला ते पेलणार नाही. मग तू फक्त एवढंच म्हण: आई, तुला बंदूक जमत नाही, एकटीने राहायचं नाही."

रॉयसने बराच वेळ बुटाने खडी उकरली. त्यालाही भीती वाटत होती. रोज पहाटे तो आईला फोन करायचा आणि तिने तिसऱ्या घंटेपर्यंत उचलला नाही तर ट्रकची किल्ली हातात घ्यायचा. "ठीक आहे," तो म्हणाला. सात महिन्यांनी बहीणभाऊ कुठल्यातरी एका गोष्टीवर एक झाले.

हे सगळं शेरिलने पडवीतून ऐकलं. तिला हेही चांगलं ठाऊक होतं की ओलेटा लिटल रॉकला फार तर दोन महिने टिकेल. तिथल्या शेजाऱ्यांना, डार्लाच्या मांजराला आणि डार्लाला कंटाळून ती परत येईल. आणि मग कुठे राहील? रॉयसकडे. म्हणजे शेरिलच्या स्वयंपाकघरात, शेरिलच्या ओट्यापाशी उभी राहून, 'मी यात साखर घालत नाही' असं म्हणत. सासूला आपल्या घरात सुरक्षित ठेवायचं, तर तिला तिच्याच घरात सशस्त्र ठेवलं पाहिजे, हे शेरिलने तिथल्या तिथे ठरवलं.

जेवणानंतर मंडळी गोठ्यामागच्या कुरणात गेली. तिथे मातीचा उंच बांध होता. हर्शेल मुलांना त्या बांधाकडे तोंड करूनच नेम शिकवायचा. रॉयसने दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पाण्याने भरून फळीवर एकामागे एक चार असे मांडले. मग म्हणाला, "आता जीन्सचं कापड पाहिजे. चार पदर."

"ते कशाला?" ओलेटाने विचारलं.

"पोकळ टोकाची गोळी असते ना, ती अंगात शिरल्यावर फुलासारखी उमलते. उमलली की थांबते, पलीकडे जात नाही. पण कपड्यातून जाताना पोकळीत चिंधी अडकली तर उमलत नाही. म्हणून कॅनच्या पुढे कापड धरून बघायचं. असा नियमच आहे."

"डॅडींच्या जुन्या पँटी कपाटात आहेत," डार्ला म्हणाली. "आणू?"

"हर्शेलच्या पँटला कोणी गोळी मारणार नाही," ओलेटा म्हणाली.

"माझी घ्या," लॉनी घाईने म्हणाला, आणि ट्रकच्या मागच्या सीटवरून एक जीन्स घेऊन आला. धुतलेली, घडी घातलेली. वांडाने याला चांगलंच वळण लावलं, असं डार्लाच्या मनात आलं.

हर्शेलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन जातींची काडतुसं बसायची: साधं अडतीस, आणि त्याचा लांब, तापट भाऊ मॅग्नम. रॉयसने सुरुवात तापटापासून केली. डबीवर कवटीचं चित्र होतं आणि नाव होतं 'काळा न्याय'. त्याने सगळ्यांच्या कानांवर टोप्या चढवल्या, स्वतः उभा राहिला आणि चाप ओढला. पहिला कॅन असा फुटला की पाणी शेरिलच्या केसांपर्यंत आलं. कुंपणापलीकडच्या गाई शेपट्या वर करून पळाल्या.

"बघितलंस?" रॉयसचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "बघितलंस, आई? आता तू."

ओलेटाने रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरलं. तिला ते नवीन नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला साप तिने यानेच मारला होता. पण तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिने चाप ओढला. नळी घोड्यासारखी उधळून वर गेली, गोळी बांधाच्या वरच्या कडेला लागून माती उडाली, आणि मनगटातून एक कळ थेट खांद्यापर्यंत गेली. तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं ते तिने वाऱ्यावर ढकललं.

डार्लाने रॉयसकडे बघितलं. हीच ती वेळ होती.

रॉयसने घसा साफ केला. "आई—"

"थांबा," शेरिल म्हणाली. "ही बघा." तिने आपल्या पर्समधून एक साधी पांढरी डबी काढली. तिच्यावर ना कवटी, ना गरुड. "अडतीसची आहेत. चपट्या तोंडाची. आमच्या वर्गात हात कमजोर असलेल्या बायकांना हीच देतात."

"ती?" रॉयसला धक्का बसला. "शेरिल, ती कागदावर भोकं पाडायची गोळी आहे! चोराला काय भोक पाडून फाइलला लावायचाय?"

"मिस ओलेटा, तुम्ही मारा."

ओलेटाने मनगट झाडलं आणि मारली. नळी जेमतेम हलली. कॅनला भोक पडून पाण्याची धार लागली. दुसरी. तिसरी. तिने पाच मारल्या आणि पाचही लागल्या. शेवटचं भोक पहिल्याच्या इतकं जवळ होतं की दोन्ही धारा एकत्र पडत होत्या.

रॉयस पळत गेला आणि गुडघ्यांवर बसून कॅन तपासायला लागला.

"उमलली नाही!" तो तिथून ओरडला. "तीन कॅनमधून आरपार गेली! भिंतीतूनही जाईल!"

"मग तुझी उमलणारी मार," शेरिल म्हणाली.

रॉयसने 'घराचा पहारेकरी' नावाची डबी फोडली. ही त्याची खास आवडती होती. तिच्याबद्दल त्याने लोकांशी इंटरनेटवर दोन वर्षं वाद घातला होता. नवे चार कॅन मांडून, पुढे लॉनीच्या जीन्सचे चार पदर लावून त्याने नेम धरला आणि मारली. मग पुन्हा पळत गेला. या वेळी यायला त्याला वेळ लागला.

"काय झालं?" डार्लाने विचारलं.

"चिंधी अडकली," तो हळूच म्हणाला. "चारही कॅनमधून गेली."

"म्हणजे दोन्ही आरपार जातात," शेरिल म्हणाली. "फरक एवढाच, की माझी त्यांना धरता येते."

डार्लाने भावाला दंडाला धरून बाजूला ओढलं. "तू म्हणणार होतास ना, तिला जमत नाही?"

"अगं पण पाचही लागल्या!"

"रॉयस!"

"मी खोटं कसं बोलू, डार्ला? हा शास्त्राचा प्रश्न आहे. चपट्या तोंडाची निघाली सरस, आता मी काय करू?" त्याचे डोळे चमकत होते. आईला शहरात न्यायचं आहे, ती इथे एकटी आहे, तिचं मनगट मोडलं होतं, हे सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. "फक्त भिंतींचं बघायला हवं. गोळी तीन कॅनमधून जाते, म्हणजे आईने बोळातून मारली तर चोराच्या मागे काय आहे ते बघायलाच हवं. चला, घरात चला. लॉनी! तू चोर."

"मी?" लॉनी म्हणाला.

"उंची कमी पडते तुझी, पण चालेल."

घरात शिरण्याआधी रॉयसने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, तीनदा तपासलं आणि ट्रकमध्ये कुलूपबंद केलं. माणसावर बंदूक रोखायची नाही, रिकामी असली तरी नाही. हा नियम हर्शेलने त्याच्या पाठीवर पट्ट्याने लिहिला होता. मग आईच्या हातात काय द्यायचं? पेकनची गोड पेस्ट्री कापून वाढायचा त्रिकोणी उलथना ओट्यावर होता. तोच दिला. ओलेटा बोळाच्या टोकाला, आपल्या खोलीच्या दारात उभी राहिली. रॉयस मोजायची टेप आणि वही घेऊन न्हाणीघराच्या दाराशी. शेरिलने फोनवर चित्रीकरण लावलं. डार्ला हाताची घडी घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. आयुष्यात इतक्या शहाण्या माणसांना इतक्या वेड्या कामात गढलेलं तिने रात्रपाळीतही पाहिलं नव्हतं.

"लॉनी, मागच्या दाराने जा. बाहेरून ये. तो आला तसा."

लॉनी मागच्या पडवीत आला. दुपारचं ऊन कलतीला लागलं होतं. कुरणात गाई परत येऊन चरत होत्या. त्याने खाली वाकून बूट काढले, पायपुसण्याच्या शेजारी टाचा जुळवून ठेवले, आणि मग त्याचं त्यालाच कळलं की आपण काय केलं. चोर बूट काढत नाही. पण या दारातून चिखलाचे बूट घेऊन आत जायची हिंमत त्याला कधी झाली नव्हती. तिसरीत असताना नाही आणि तीन आठवड्यांपूर्वीही नाही. त्याने बूट पुन्हा घालायला उचलले.

"काय झालं? आला का चोर?" आतून रॉयस ओरडला.

लॉनीने बूट ठेवून दिले आणि तसाच आत गेला. स्वयंपाकघरातून, डार्लाच्या समोरून, मोज्यांवर. बोळाच्या तोंडाशी आला आणि त्याने आईला पाहिलं.

तिने दोन्ही हात सरळ पुढे धरले होते. उलथना त्याच्या छातीकडे रोखलेला. कुरणात उभी होती तशीच, पाय जरा फाकून, हात अजिबात न हलवता. पण तिचा चेहरा कुरणातला नव्हता. तो त्या बुधवारचा होता. आपल्या स्वतःच्या घरात, आपल्या हाताने कागद चिकटवलेल्या भिंतींमध्ये, समोर कोण येतंय हे माहीत नसलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा. लॉनीने आईला असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. डॅडी गेले त्या दिवशीही नाही.

"आई," तो म्हणाला, "मी होतो गं."

"तू आहेसच," रॉयस म्हणाला. "तुला चोरच केलाय. मागे जा, परत ये, आणि या वेळी जरा आडदांड चाल."

"नाही रे. त्या बुधवारी. तो मी होतो."

रॉयसच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. शेरिलने फोन खाली केला, मग विचार बदलून पुन्हा वर केला, मग डार्लाच्या नजरेने पुन्हा खाली केला.

ओलेटाचे हात अजून तसेच होते. "तू कशाला?"

"आंघोळीला."

"काय?"

"वांडाने सप्टेंबरमध्ये बाहेर काढलं. मी तळ्यापाशी ट्रकमध्ये झोपतो. तू बुधवारी चर्चला असतेस, म्हणून बुधवारी यायचो. आंघोळ करायचो, मशीनला कपडे लावायचो. तू यायच्या आत आवरून, टब पुसून जायचो. त्या दिवशी तू लवकर आलीस."

"पाद्रीबुवांचा घसा बसला होता," ओलेटा म्हणाली, जणू तिनेच काही चूक केली होती.

"दार वाजवायला काय झालं होतं तुला?" डार्ला खुर्चीवरून उठली होती. "फोन करायला काय झालं होतं?"

लॉनी आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. "तीनदा वाजवलंय हे दार. तीन बायकांनंतर तीनदा. दर वेळी आईने काही न विचारता माझ्या खोलीत चादर घातली. चौथ्यांदा हात उचलवेना."

मग ओलेटाने विचारलं, "आणि आज? टेबलाशी बसून मला सगळ्यात मोठी गोळी घाल म्हणालास. ती कोणासाठी?"

"मी आता येणारच नव्हतो ना, आई. ठरवलं होतं. पण खरंच कोणी दुसरा आला असता तर?"

ओलेटाने उलथना खाली केला. तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना, म्हणून तिने तो शेरिलच्या हातात दिला. मग ती बोळातून चालत आली आणि त्रेचाळीस वर्षांच्या मुलाच्या कानाखाली एक अशी दिली की आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. मग त्याच हाताने त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. मोडलेल्या मनगटाचा हात होता. या वेळी तिला कळ आली की नाही, कोणाला समजलं नाही.

रॉयस न्हाणीघरात टबच्या कडेवर बसला होता. चोर शिरला त्याच रात्री तो आपलं भरलेलं पिस्तूल घेऊन आला होता आणि 'हे उशाशी ठेव' म्हणून आईच्या मागे लागला होता. तिने नको म्हटलं, डॅडींचंच वापरीन म्हणाली, म्हणून काडतुसं निवडण्यात तीन आठवडे गेले आणि रिव्हॉल्व्हर रिकामंच राहिलं. त्याने तोंडावरून हात फिरवला.

"पाच फूट सात इंच," तो स्वतःशीच म्हणाला. "एकशे चाळीस पौंड. मोजे."

"रॉयस, गप्प बस," शेरिल म्हणाली, पण हळू आवाजात, आणि त्याच्या शेजारी टबवर बसली.

चार वाजेपर्यंत लॉनीच्या ट्रकमधली दोन गाठोडी मशीनमध्ये गेली होती आणि त्याच्या खोलीतल्या पलंगावर चादर आली होती. डार्लाने ओट्यापाशी आईला पुन्हा एकदा विचारून पाहिलं. "आता तरी चल माझ्याबरोबर. थोडे दिवस."

"आता कशी येऊ? घरात माणूस आलाय. त्याला अंडं उकडता येत नाही."

"तो त्रेचाळीसचा आहे, आई."

"तेच म्हणतेय मी."

डार्लाला हसू आलं आणि ते थांबेना. हसता हसता ती ओट्यावर डोकं टेकून रडायला लागली. ओलेटाने तिच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने भांडी विसळत राहिली.

बाहेरच्या खोलीत मात्र रॉयस सावरला होता. पुरता सावरला होता. त्याने खिडकीतल्या अकरा डब्या पुन्हा टेबलावर आणल्या होत्या आणि शेरिलला समजावत होता. "आता प्रश्नच बदलला ना! आता घरात दोन माणसं. भिंतीपलीकडे लॉनी झोपणार. म्हणजे चपट्या तोंडाची बाद. आता हलकी पाहिजे, कमी वेगाची, पण उमलणारी. ही बघ, ही एक आहे. नाहीतर पुढच्या रविवारी मी दुसऱ्या कंपनीच्या चार आणतो, आपण भिंतीसारख्या फळ्या लावून—"

"अगदी बरोबर," शेरिल म्हणाली. "पण फळ्या दोन पदरी लाव."

ओलेटाने हात पुसले आणि रॉयसच्या कोटातून त्याच्या ट्रकची किल्ली काढली. ती अंगणात गेली, कुलूप उघडून रिव्हॉल्व्हर घेतलं, सहाही घरं उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री केली आणि ते आपल्या ॲप्रनमध्ये गुंडाळलं. डार्ला गाडीत सामान ठेवत होती.

"हे घेऊन जा," ओलेटा म्हणाली.

डार्लाने गुंडाळी हातात घेतली आणि वजनावरूनच ओळखली. "मी? आई, मला हे घरात नको. मी ही असली घाण रोज—"

"म्हणूनच. कपाटात टाक आणि विसर. रॉयसकडे दिलं तर रविवारी भरून परत आणील. शेरिलकडे दिलं तर गुलाबी रंगवील. लॉनीला तर मी साबणसुद्धा जपून देणार आहे."

"आणि खरंच कोणी आला तर?"

"आधी हाक मारून बघेन. या घरात इतकी वर्षं जो आला तो माझ्या ओळखीचाच निघाला."

डार्लाने ती गुंडाळी शेजारच्या सीटवर ठेवली. मग, का कोण जाणे, तिच्यावर सीटचा पट्टा बांधला. तेवढ्यात रॉयस पायऱ्यांवरून धावत आला, दोन्ही हातांत डब्या.

"आई! डार्लाला देतेस? डार्लाला? अगं, त्यात काय भरायचं तेसुद्धा तिला माहीत नाही!"

"म्हणून तर तिला देतेय," ओलेटा म्हणाली, आणि तिने गाडीचं दार लावलं.